मजुरी ठेक्यावर दुमजली घर बांधताना कामाचं वेळापत्रक कसं आखावं?

तुमचा प्रश्न असा आहे: नाशिकजवळ प्लॉट, तळमजला आणि पहिला मजला, प्रत्येकी ९०० चौरस फूट. मजुरी ठेका दिलाय, माल तुमचा. ठेकेदार आठ महिने म्हणतो आणि नोकरीमुळे तुम्हाला फक्त रविवारी साईटवर जाता येतं. तर काम कसं आखायचं आणि लक्ष कुठे ठेवायचं?

मजुरी ठेका दिला म्हणजे नियोजन तुमच्या गळ्यात आलं. गवंडी, सेंटरिंगवाले (स्लॅबचा साचा बांधणारे), सळईवाले आणणं ठेकेदाराचं काम. पण सिमेंट संपलं, सळई वेळेत आली नाही किंवा बाथरूमचा स्लॅब किती खाली घ्यायचा हे ठरलं नाही म्हणून काम अडलं, की तो माणसं उचलून दुसऱ्या साईटवर नेतो. तिथलं काम अर्धवट सोडून ती तुमच्यासाठी परत येत नाहीत. दोन दिवसांचा खोळंबा दोन आठवड्यांवर जातो तो असा. म्हणून कागदावर ‘कुठलं काम किती दिवसांचं’ याच्या शेजारी ‘ते सुरू होण्याआधी काय हातात हवं’ हा रकाना पाहिजेच.

आधी आठ महिन्यांचा हिशोब तपासू. साधारण १२ कॉलमचं घर धरलं तर आखणीपासून प्लिंथपर्यंत, म्हणजे जोत्यापर्यंत (खोदाई, पीसीसी म्हणजे तळाचं साधं काँक्रीट, फुटिंग म्हणजे कॉलमचा पाया, प्लिंथ बीम, मुरूम भरून धुम्मस, सोलिंग) ३५ कामाचे दिवस. प्लिंथ ते पहिला स्लॅब २२. पहिला ते दुसरा स्लॅब ३२. स्लॅबखालचे टेकू काढेपर्यंत १४. वरच्या मजल्याचं वीटकाम २०, कारण खालचं तोवर झालेलं असतं. आतला-बाहेरचा गिलावा ३५, फरशी-टाइल्स २५, रंग आणि फिटिंग २५. बेरीज २०८. आता महिन्यात कामाचे दिवस किती? आठवडी बाजाराची सुट्टी, अमावस्या (बरेच मिस्त्री त्या दिवशी हत्यार हातात घेत नाहीत, वाद घालू नका), सण, लग्नसराई हे सगळं वजा केलं की २४ हाती लागतात. म्हणजे पावणेनऊ महिने, तेही एकही दिवस वाया न जाता. ठेकेदार खोटं बोलत नाहीये, तो फक्त सगळं सुरळीत झालं तर काय होईल ते सांगतोय. तुम्ही दहा महिने धरा आणि भाड्याच्या घराचा करार त्या हिशोबाने करा.

सुरुवात कधी करायची याला माझं उत्तर एकच: दिवाळी झाली की. नोव्हेंबरच्या मध्यावर आखणी केली तर डिसेंबरअखेर प्लिंथ, जानेवारीच्या चौथ्या आठवड्यात पहिला स्लॅब, मार्चच्या पहिल्या आठवड्यात दुसरा, एप्रिलच्या मध्यापर्यंत वीटकाम आणि मेअखेर बाहेरचा गिलावा. जूनमध्ये पाऊस आला की आतलं काम छपराखाली निवांत चालतं. हेच काम फेब्रुवारीत सुरू केलं तर दुसरा स्लॅब ऐन वळवाच्या तोंडावर येतो आणि बाहेरचा गिलावा दिवाळीपर्यंत लटकतो. काळ्या मातीचा प्लॉट असेल तर पावसाळ्यात खड्डे उघडे ठेवणं म्हणजे खोदाईचे पैसे दोनदा देणं. प्लिंथ झाल्यावर जोते तपासणीचा अर्ज लगेच टाका. ते प्रमाणपत्र पुढे भोगवट्याच्या (घर वापरायच्या परवानगीच्या) वेळी शोधत बसावं लागतं.

आता निर्णय. घरमालकाकडून उशीर होतो तो मुख्यतः इथे. पहिल्या स्लॅबचं सेंटरिंग बांधायला घेण्याआधी पुढच्या गोष्टी नक्की हव्यात. वरच्या बाथरूमचा स्लॅब किती खाली घ्यायचा आणि मैल्याचा पाइप कुठल्या भिंतीतून उतरणार. पंख्याच्या हुकांच्या जागा, म्हणजे आधी पलंग आणि सोफा कुठे हे ठरवा. एसीचं पाणी कुठून बाहेर जाणार. इन्व्हर्टर आणि सोलरची लाइन. गच्चीवर टाकी कुठे बसणार: हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन पाणी, ते बीमवर किंवा कॉलमवर आलं पाहिजे आणि इंजिनिअरला हे आधी माहीत पाहिजे. आणि जिना. मजल्याची उंची १० फूट असेल तर १८ पायऱ्यांना प्रत्येकी पावणेसात इंचांच्या आसपास चढ येतो. पण खाली आणि वर फरशीचा थर किती इंच येणार हे न धरता जिना ओतला तर पहिली आणि शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा वेगळी होते. म्हातारी माणसं तिथेच अडखळतात आणि नंतर हा दोष सुधारत नाही.

माल एकदम भरू नका. सळई तीन टप्प्यांत मागवा: फुटिंग-प्लिंथ, पहिला स्लॅब, दुसरा स्लॅब. इंजिनिअरकडून सळईचं कटिंगसह यादीपत्रक (साईटवर त्याला बीबीएस म्हणतात) घ्या, नाहीतर तुकडे किती वाया गेले ते कळणारच नाही. गाडी आली की काटा पावती घ्या आणि एक दांडी मोजून बघा: एमएममधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे एका मीटरचं किलोतलं वजन. १२ एमएमची १२ मीटर दांडी साडेदहा-पावणेअकरा किलो भरायला हवी. साडेनऊ भरली तर गाडी परत पाठवा. सिमेंट तीन-चार आठवड्यांच्या वर साठवू नका. तीन महिने पडलेल्या गोणीची ताकद चांगलीच उतरते. गोणी फळ्यांवर, भिंतीपासून लांब, दहाच्या वर थप्पी नको. पावसाळ्यात नदीतला वाळू उपसा बंद असतो आणि भाव चढतात, म्हणून गिलाव्याची वाळू मेमध्येच टाकून घ्या किंवा सरळ धुतलेली क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) ठरवा.

स्लॅबच्या दिवसाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण संपूर्ण वेळापत्रक या दोन दिवसांभोवती फिरतं. छज्जे-बाल्कनी धरून ९५० चौरस फूट, जाडी ५ इंच, म्हणजे स्लॅबचं ११ घनमीटर, बीमचं साडेचार. एकूण साडेपंधरा घनमीटर. १:१.५:३ (सिमेंट:वाळू:खडी) मिश्रणाला घनमीटरमागे ८ गोणी लागतात, म्हणजे १२४. १३० मागवा. वाळू अडीच ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), खडी पाच ब्रास, सळई दीड टनाच्या आसपास (नेमका आकडा ड्रॉइंगमधून). एका गोणीचा मिक्सर चार मिनिटांत एक घाणी (एका वेळचं मिश्रण) देतो असं धरलं तर १२४ घाण्यांना सव्वाआठ तास होतात. सकाळी सातला पहिली घाणी पडली नाही तर शेवटचा कोपरा बॅटरीच्या उजेडात भरावा लागतो आणि व्हायब्रेटर (काँक्रीट हलवून घट्ट बसवणारं यंत्र) तिथे नीट फिरत नाही. पाणी गोणीमागे २५ लिटरच्या आसपास, म्हणजे मिक्सिंगचं ३१०० लिटर. सेंटरिंगच्या प्लेटा ओल्या करणं आणि धुणं धरून ५००० चा टँकर आदल्या संध्याकाळी उभा हवा. मजूर सोपं जावं म्हणून पाणी वाढवतात. त्यासाठी मिक्सरपाशी खुणेची बादली ठेवा आणि बादल्या मोजायला घरचं एक माणूस बसवा. तुम्हाला एकच रजा मिळणार असेल तर ती या दिवशी घ्या.

तयार काँक्रीट मागवणार असाल तर १६ घनमीटर म्हणजे ६ घनमीटरच्या तीन गाड्या. गल्लीत गाडी आणि पंप वळतो का, वर विजेच्या तारा आहेत का हे आठवडाभर आधी बघून घ्या. गाडी भरल्यापासून दोन तासांत रिकामी व्हायला हवी, त्यामुळे तिन्ही एकदम बोलवू नका. पहिली अर्धी रिकामी झाली की दुसरीला फोन.

दोन व्हायब्रेटर हवेत, त्यातला एक पेट्रोलचा. वीज स्लॅबच्या दिवशीच जाते. ताडपत्री तयार ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाल्कनी आणि छज्जाची वरची सळई. लटकत्या भागात ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून मुख्य सळई वर असते. घमेली घेऊन माणसं तिच्यावरून चालतात, ती दबून खाली जाते आणि टेकू काढताच मुळाशी तडा जातो. सळई वर उचलून धरणाऱ्या खुर्च्या भरपूर बांधायला लावा आणि चालायला फळ्या टाका. काँक्रीट पडण्याआधी इंजिनिअरने सळई, कव्हर (सळईबाहेरचा काँक्रीटचा थर) आणि टेकू बघून वहीवर सही केली पाहिजे. सही नसेल तर मिक्सर सुरू करायचा नाही, हे ठेकेदाराशी करारातच लिहून घ्या. स्लॅबला २० एमएम, कॉलमला ४०, फुटिंगला ५० एमएम कव्हर. दगडाचे तुकडे लावलेले दिसले तर काढून सिमेंटचे कव्हर ब्लॉक लावायला सांगा.

नंतरचं पाणी. दुसऱ्या दिवशी सिमेंट-वाळूच्या मसाल्याची आळी (छोटे बांध) करून पाणी साठवायचं. दुकानात मिळणारं बहुतेक सिमेंट पीपीसी (राख मिसळलेलं) असतं, ते सावकाश ताकद धरतं, म्हणून १४ दिवस. सर्वाधिक भांडणं ‘पाणी कोण मारणार’ यावर होतात. करारात नाव घाला, नाहीतर शेजारच्या पोराला महिन्याचे पैसे ठरवून द्या. ते स्वस्त पडतं.

टेकू कधी काढायचे? आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे ७ दिवसांनी, पण ६ मीटरपर्यंतच्या बीमचे १४ दिवसांनी. तुमचा स्लॅब बीमवरच बसलाय, म्हणून १४ च्या आत हात लावू द्यायचा नाही. हा हिशोबही साध्या ओपीसी सिमेंटचा आहे, पीपीसीला इंजिनिअरला विचारून आणखी काही दिवस. सेंटरिंगवाल्याला प्लेटा दुसऱ्या साईटवर न्यायच्या असतात, तो दहाव्या दिवशी घिरट्या घालायला लागतो. ठेकेदाराकडे प्लेटांचा एकच सेट आहे की दोन, हे ठेका देतानाच विचारा. एकच असेल तर दोन स्लॅबमधलं अंतर महिन्याच्या खाली येत नाही, मग कितीही माणसं लावा.

इथेच एक चूक वारंवार होते. दुसऱ्या स्लॅबच्या वेळी खालच्या मजल्यावरचे सगळे टेकू काढलेले असतात. ताज्या ५ इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला ३०० किलोच्या वर, त्यात बीम, सेंटरिंग आणि वीस माणसं. घराचा स्लॅब वापराच्या २०० किलो भारासाठी धरलेला असतो, फरशीचं थोडं वेगळं. म्हणजे पहिल्या स्लॅबवर त्याच्या हिशोबापेक्षा जास्त भार, तोही जेमतेम महिन्याच्या वयात. दुसरा स्लॅब भरताना खाली बीमच्या आणि खोल्यांच्या मध्यावर टेकूंची रांग परत लावून घ्या. त्यामुळे तळमजल्याचं वीटकाम करताना गवंडी कुरकुर करेल, करू द्या.

वीटकामात दिवसाला पाच फुटांच्या वर भिंत चढवू देऊ नका आणि बीमखालचा शेवटचा थर आठवड्यानंतर भरा. काँक्रीट आणि विटेच्या सांध्यावर गिलाव्याआधी जाळी ठोकायला सांगा, नाहीतर सांध्याच्या रेषेत सरळ चीर दिसते.

पुढचा क्रम मात्र उलटा करू नका: भिंतीतल्या विजेच्या पाइप आणि पेट्या, मग गिलावा. बाथरूममध्ये आधी नळाचे पाइप, त्यांना हातपंपाने दाब देऊन रात्रभर ठेवणं, मग वॉटरप्रूफिंग, मग दोन-तीन दिवस पाणी साठवून खालून ओल बघणं आणि त्यानंतरच टाइल. टाइल आधी बसली आणि गळती नंतर सापडली तर प्लंबर, वॉटरप्रूफिंगवाला आणि टाइलवाला तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. खिडक्यांची मापं चौकटी बसून गिलावा झाल्यावर द्या. त्या बनायला वेळ लागतो, म्हणून कोटेशन मात्र वीटकाम चालू असतानाच घेऊन ठेवा.

पैशांचं. ठेकेदार आठवड्याची खर्ची (मजुरांना द्यायची उचल) मागणारच, ती थांबवली की माणसं जातात. पण खर्ची आणि बिल वेगळं ठेवा: प्लिंथ, पहिला स्लॅब, दुसरा स्लॅब, वीटकाम, गिलावा असे टप्पे ठरवा आणि खर्चीची बेरीज कधीही झालेल्या कामाच्या पुढे जाऊ देऊ नका. माप कसं धरायचं (छज्जा, जिना, बाल्कनी पूर्ण की निम्मी), मिक्सर, व्हायब्रेटर, डिझेल, परांची कोणाची, हे आधी लिहा. शेवटचे ५ टक्के एका पावसाळ्यानंतर.

रविवारी जाता तेव्हा एवढं करा. वहीच्या एका पानावर पुढचे तीन आठवडे लिहा: काम, कोणती माणसं, कोणता माल, कोणाचा निर्णय बाकी. तिसऱ्या आठवड्यातल्या कामाला लागणारा माल आज ऑर्डर करायचा, दुसऱ्या आठवड्याचा साईटवर येत असायला हवा, पहिल्याचा पोचलेला. पान ठेकेदारासमोर वाचून दाखवा आणि मुकादमाच्या मोबाइलवर फोटो पाठवा. आधीच्या रविवारचं पान काढून काय झालं नाही ते विचारा, आणि कारण तिथेच लिहा. दोन महिन्यांत कळतं की माल उशिरा येतोय, माणसं कमी पडताहेत की तुमच्याच घरात टाइल्सचा रंग ठरत नाहीये.