सूज नसतानाही फॅक्टर घ्यायचा का?

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलाला तीव्र हिमोफिलिया ‘ए’ (रक्त नीट न गोठण्याचा आजार) आहे; वजन वीस किलो. उजवा गुडघा सुजला की आम्ही सरकारी रुग्णालयात जाऊन फॅक्टर (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचे इंजेक्शन) घेतो. आता तेथील डॉक्टर म्हणतात, सूज नसली तरी आठवड्यातून दोनदा २५० युनिट घ्या. सासूबाई म्हणतात, हसत्याखेळत्या लेकराला उगाच कशाला टोचायचे? मी घरी विड्या वळते; एका फेरीत अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते. खरेच गरज आहे का?
— एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : ताई, गरज आहे. तीव्र हिमोफिलियात रक्तस्राव होण्याआधीच नियमित औषध देणे हाच उपचाराचा दर्जा मानावा, असे जागतिक हिमोफिलिया महासंघाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. सूज उतरली म्हणजे सांधा पूर्ववत झाला, असे होत नाही. सांध्यात साचलेल्या रक्तातील लोहामुळे आतले अस्तर सुजते व जाड होते, त्या अस्तरातून पुढच्या वेळी अधिक सहज रक्त येते आणि हळूहळू कूर्चा झिजते. एकाच सांध्यात सहा महिन्यांत तीन किंवा अधिक वेळा आपोआप रक्तस्राव झाला, तर त्या सांध्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. उजव्या गुडघ्याच्या तारखा वहीत लिहून ठेवा आणि ती वही प्रत्येक वेळी डॉक्टरांना दाखवा.

आठवड्यातून दोनदाच का, हे हिशेबाने कळेल. किलोमागे एक युनिट फॅक्टर आठ (‘ए’ प्रकारात कमी पडणारा तो हाच) दिल्यास त्याची पातळी साधारण दोन टक्क्यांनी वाढते, म्हणजे तुमच्या मुलाची २५० युनिटने सुमारे पंचवीस टक्क्यांपर्यंत जाईल. ती दर बारा तासांनी निम्मी होते असे धरले, तर दोन दिवसांनी जेमतेम दीड टक्का उरतो. तीव्र आजारात ती मुळात एक टक्क्याहूनही कमी असते. हा थोडासा फरकही आपोआप होणारे बरेच रक्तस्राव टाळतो. मात्रा कमी आहे आणि दोन इंजेक्शनांच्या मध्ये काही दिवस मूल उघडे पडते, हे मान्य. तरीही सुजेची वाट पाहण्यापेक्षा हा मार्ग निश्चितच बरा. सिद्धेश्वराच्या गड्ड्याला, म्हणजे जत्रेला, त्याला जरूर न्या, फक्त फॅक्टरचा वार त्याच सकाळी येईल असे डॉक्टरांशी ठरवा.

मजुरीचा प्रश्न सासूबाईंच्या शंकेहून मला जास्त खरा वाटतो. शिरेतून इंजेक्शन देण्याचे रीतसर शिक्षण घरच्यांपैकी एकाने घेतले, तर बऱ्याच फेऱ्या वाचतात; रुग्णालयात तशी विचारणा करा. कुपी पेटीवर लिहिलेल्या तापमानात, बहुधा २ ते ८ अंशांत ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही, आणि औषध विरघळवताना जोरात हलवू नये. एमिसिझुमॅब हे त्वचेखाली घ्यायचे औषध एक, दोन किंवा चार आठवड्यांनी देता येते. ते उपलब्ध होईल का, तेही विचारा. मात्र ते चालू असतानाही मार लागून रक्तस्राव झाला, तर फॅक्टर लागू शकतो.

डोक्याला मार लागला, तर आधी फॅक्टर आणि मग स्कॅन. शाळेलाही हे लेखी द्या. दुखण्यावर ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नको. फॅक्टरविरोधी प्रतिपिंडे तयार झाली आहेत का, याची तपासणी वेळोवेळी करावी, आणि नेहमीच्या मात्रेने सूज उतरेनाशी झाली तर लगेच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

प्रश्न : माझ्या भावाला हिमोफिलिया आहे. मुलींना तो होत नाही म्हणतात, मग माझी तपासणी कशाला? लग्न ठरत आहे.
— एक वाचक, बार्शी

उत्तर : तुमची आई वाहक (हा जनुकीय दोष बाळगणारी) असेल, तर तुम्ही वाहक असण्याची शक्यता निम्मी आहे. काही वाहक स्त्रियांची फॅक्टरची पातळी चाळीस टक्क्यांहून कमी असते, आणि पाळीत फार रक्त जाणे किंवा दात काढल्यावर रक्त न थांबणे हे त्यांनी वर्षानुवर्षे ‘अंगाची ठेवण’ म्हणून सोसलेले असते. पातळी आधी मोजून घ्या. ती सामान्य आली तरी वाहक असणे नाकारता येत नाही, त्यासाठी जनुकीय चाचणी लागते. भावाच्या जनुकातील दोषाची नोंद आधी मिळाली, तर तुमची चाचणी सोपी होते. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत या विषयाचे तज्ज्ञ आहेत. लग्न अडवण्यासाठी ही चाचणी नाही. पुढे गरोदरपणी प्रसूती कोठे करायची आणि बाळाला पहिले इंजेक्शन कसे द्यायचे, हे आधीच ठरवता यावे यासाठी ती आहे.