कबूल नाही म्हण, आणि कागद माग

पोरा,

तुझा रात्रीचा व्हॉइस मेसेज ऐकला. लक्ष्मीपूजनाची रात्र, पुढच्या खोलीत तुम्ही मित्र तीन पत्ती खेळत बसलेले, दार ढकलून आत आलेले साहेब लोक, चटईवरचे पैसे अन् पत्ते जप्त, तुम्हा पोरांवर जुगाराच्या अड्ड्यात सापडल्याचं कलम ५ आणि घर आण्णांचं म्हणून त्यांच्यावर अड्डा चालवल्याचं कलम ४. एवढं सगळं नीट सांगितलंस आणि शेवटी हळूच म्हणालास, काका, सगळे म्हणतायत कबूल करून दंड भरून टाका, कटकट मिटेल. ते ऐकून माझं डोकंच सणकलं.

खचू नको वगैरे मी लिहिणार नाही, ते तुला व्हॉट्सॲपवर भरपूर जण पाठवत असतील. आणि उंबऱ्याची किंमत मी तुला काय सांगू, १९३० चा मार्शल लॉ सोसलेल्या सोलापुरातला तू, चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून रोज अभ्यासिकेत जातोस. मला एकच सांगायचंय. कागद माग. कोण काय म्हणालं, कोण कसं ओरडलं, हे राहू दे बाजूला, कागद माग.

आता हे का ते ऐक. तुमच्यावर लावलाय तो जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा, इंग्रजांच्या वेळचा. त्यात कलम ६ आहे. कमिशनर आहे अशा शहरात, म्हणजे आपल्या सोलापुरात, पीएसआयच्या खालचा माणूस जुगाराच्या झडतीला घरात शिरू शकत नाही, आणि पीएसआयला सुद्धा एकतर लेखी सर्वसाधारण आदेश लागतो नाहीतर कमिशनरचं त्या छाप्यापुरतं खास वॉरंट. कलम ६ प्रमाणे रीतसर आत येऊन पत्ते-पैसे सापडले तर कलम ७ लागतं, मग कोर्ट तुमचं घर जुगाराचा अड्डा आहे असं धरूनच चालतं आणि तसं नाही हे तुम्ही दाखवत बसायचं. पण तो कागदच नसला तर? तर हे धरून चालणं बंद, सरकार पक्षाने पहिल्यापासून सिद्ध करायचं की आण्णा त्या खोलीतून कमाई करत होते, नाल म्हणजे डावातला जागेचा वाटा काढत होते. पॉवरलूमवर रात्रपाळी करणारा माणूस, त्याच्या खोलीत पोरं सणाला पत्ते कुटतायत, कसली नाल काढतोय तो! पण हे कोर्टात बोलायला आधी कबूल नाही म्हणावं लागतं ना.

तू विचारलंस वॉरंट नव्हतं म्हणजे केस आपोआप उडते का. नाही उडत. वेब सिरीज बघून आलायस तू. आपल्याकडे झडती बेकायदा होती एवढ्यावर सापडलेली वस्तू पुराव्यातून बाहेर फेकत नाहीत, पूरन मलच्या निकालात १९७४ ला सुप्रीम कोर्टाने ते स्पष्ट केलंय. फार तर कोर्ट तो पुरावा जास्त बारकाईने तपासतं. म्हणून वॉरंट नव्हतं वॉरंट नव्हतं असं ओरडून काही होत नाही, वॉरंट नसल्याने समोरच्याची नेमकी कुठली कडी तुटते ते वकिलाला दाखवता आलं पाहिजे, आणि ते कागदाशिवाय दाखवता येत नाही.

आणि तो कुणीतरी फॉरवर्ड केलेला १९५९ चा रेहमानचा निकाल, तो डोक्यातून काढ. झडतीची कारणं लिहिलेली नव्हती म्हणून अडवणारा माणूस सुटला हे खरंय, पण त्यासाठी केस सुप्रीम कोर्टापर्यंत लढावी लागली. दारात आडवं पडायचा सल्ला नाही तो. परत कधी आलेच तर हात लावायचा नाही, सरकारी कामात अडथळ्याचं आणखी एक कलम फुकटात मिळेल. हात खाली, आवाज खाली, आणि विचारायचं, साहेब कागद दाखवा.

ते म्हणतील आम्हाला वॉरंट लागत नाही. कधी कधी खरंही असतं ते! तपासासाठी काही वस्तू लगेच हवी असेल तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ खाली बिनवॉरंटची झडती घेता येते. पण तिथं पण कागद आहेच रे. कारणं आधी लेखी नोंदवायची, त्याची नक्कल ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे पाठवायची, आणि घरवाल्याने अर्ज केला की मॅजिस्ट्रेटकडून ती फुकट मिळते. शिवाय १ जुलै २०२४ पासून झडतीचं शूटिंग करायचंय, मोबाईलवर केलं तरी चालतं. म्हणून वकिलाला सांग, कलम ६ चा आदेश किंवा वॉरंट, कलम १८५ ची नोंद असेल तर ती, पंचनामा, जप्तीची यादी, शूटिंग, सगळं मागायचं. नाही म्हणाले तर ते नाही पण लेखी घ्यायचं. पंच वस्तीतले होते का गाडीतूनच बरोबर आले होते तेही बघ. आणि समोरच्या किराणा दुकानाच्या कॅमेऱ्याचं फुटेज आजच्या आज मागून घे, उद्या नाही, आज, कारण ते पुसलं जातं आणि मग पंचनाम्यात जी वेळ लिहिलीय तीच खरी.

आता कबुलीचं. मी फौजदारी वकिलाकडे कारकून होतो तुला माहितीय. तारखेच्या दिवशी व्हरांड्यात पोरांची रांग लागायची आणि आत गेलं की कबूल, कबूल, कबूल, दंड भरला की चहाला मोकळे. साखर पेठेतला एक पोरगा होता, तुझ्यासारखाच भरतीची तयारी करणारा. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, थांब, आधी कागद मागू. आमच्या साहेबांनी पक्षकारांसमोर मला झापलं, म्हणाले तुला वकील व्हायचं होतं तर सनद घ्यायचीस. पोराने कबूल केलं. पुढे भरतीच्या फॉर्ममध्ये 'गुन्हा दाखल आहे का'समोर नाही लिहिलं, पडताळणीत निघालं, नोकरी गेली. २०१६ चा अवतार सिंगचा निकाल आहे सुप्रीम कोर्टाचा, किरकोळ केस असेल तर नोकरी देणारा विचार करू शकतो, पण लपवलंस तर ते फार अंगाशी येतं. सुटलास तरी लिही, चालू असली तरी लिही, ह्यात शहाणपणा करू नको. आणि कबुलीवर शिक्षा झाली की अपिलात फक्त शिक्षेबद्दलच बोलता येतं, गुन्हा केलाच नव्हता हे सांगायचं दार बंद.

त्या दिवसानंतर मी तिथली नोकरी सोडली. घरात ओढाताण झाली, हिने शिवणकाम घेतलं, अजून पाहुण्यांसमोर टोमणा मारते की ह्यांना दुसऱ्याच्या केसचं पडलेलं असतं. मारू दे. मी काही चुकीचं बोललो नव्हतो आणि आजही तेच बोलतोय, हट्टी म्हण पाहिजे तर. खर्चाच्या भीतीने गप्प बसलेले लोक मी एवढे बघितलेत की आता मला त्या भीतीचाच राग येतो. खर्चाचं म्हणशील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, १९८७ च्या कायद्यात औद्योगिक कामगाराला फुकट वकील आहे, आण्णा बसतात त्यात. लूमवरचं ओळखपत्र किंवा पगाराची चिठ्ठी घेऊन जायचं. मालक चिठ्ठी देत नाही म्हणू नको, माग त्याच्याकडे.

तारखा पडतील. कधी साहेब रजेवर, कधी पंच गैरहजर, तुझा अभ्यास बुडेल, आण्णांचा खाडा पडेल. हे लपवून मी तुला गोड बोलणार नाही, पण एक खाडा आणि एक शिक्षा ह्यात कुठलं जड हे आण्णांना तूच विचार, मी बोललो की ते चिडतात. आणि तुझ्या त्या मित्राला, जो म्हणतोय मी एकटा कबूल करतो म्हणजे तुम्ही सुटाल, त्याला रविवारी माझ्याकडे पाठव, असं काही होत नसतं. येताना समन्स आणि एफआयआरची नक्कल घेऊन या, मोबाईलमधला फोटो नको, झेरॉक्स.

तुझा काका