नागपुरात राहतो, वर्षातून एक-दोनदा मालवणला जातो. खाऱ्या पाण्यात मासे धरायला फ्लाय रॉड-रील (नकली माशी फेकायची काठी आणि तिचं दोऱ्याचं चाक) कोणते घ्यावेत? आपली हवा कोरडी, मग निगा कमीच लागेल ना?

तुमचं शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसलो. निगा कमी नाही, जास्त लागते. तुमचं ते कोरड्या हवेचं वाक्य चार वर्षांपूर्वी आमच्या भाऊजींनी मला ऐकवलं होतं, आणि त्यात माझी रील गेली.

भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, होळीच्या सुट्टीत मालवणजवळच्या देवबागला चालले होते. माझा ९ वेटचा (वेट म्हणजे रॉड किती जड लाईन फेकतो त्याचा आकडा) रॉड आणि रील मागितली. जावयाला नाही कोण म्हणणार? परत आणून दिली तेव्हा विचारलं, धुतली का? म्हणाले, "पुसली ना रे चांगली. अन् इथं काहाचा गंज लागते? हवा पाहून राहिला ना, गच्चीवर पापड एका दिवसात वाळून राहिले!" वरून रील खरंच चकचकीत दिसत होती. मी रॉड-रील ठेवायची नळी मधल्या खोलीत टांगली, कूलरच्या समोरच्या भिंतीला.

आता नागपूरकर म्हणून तुम्हीच सांगा, एप्रिल ते जून आपल्या घरात कोरडी हवा असते कुठे? बाहेर ४५ अंश, आत दिवसभर कूलर. कपाटाची दारं फुगतात, बरणीतलं मीठ ओलं होतं. आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. रीलच्या सांदीत बसलेलं मीठही मीठच. कूलर चालू की ओलं, बंद की सुकलं, असे तीन महिने, आणि वरून पावसाळा. रीलचं अंग अॅल्युमिनियमचं, स्क्रू स्टेनलेसचे. दोन धातूंच्या मध्ये खारं पाणी आलं की तिथे एक बारीकशी बॅटरीच चालू होते आणि त्यात अॅल्युमिनियम खाल्लं जातं.

ऑक्टोबरमध्ये मी स्वतः देवबागला गेलो. खोलीवर लाईन ओढून पाहिली तर फिरकी, म्हणजे लाईन गुंडाळलेली चकती, करकरली, गुळात खडा लागावा तशी. फिरत होती म्हणून तसाच निघालो. संध्याकाळची ओहोटी, कर्ली नदीच्या तोंडापाशी होडी, आणि तिसऱ्या-चौथ्या फेकीला जो हिसका बसला तो अजून मनगटात आहे. बहुतेक जिताडा. त्याने पहिली झेप घेतली तेव्हा रील अर्धा वेढा फिरली आणि अडकली. ड्रॅगची, म्हणजे मासा ओढतो तेव्हा लाईनला आवर घालणाऱ्या ब्रेकची, कळ दोन्ही बाजूंना हलेना. वीस पौंडी लीडर, म्हणजे लाईनच्या टोकाचा बारीक दोरा, टक् करून तुटला. होडीवाले काका काही बोलले नाहीत, नुसते पाण्याकडे बघत राहिले.

घरी येऊन रील उघडली. फिरकीवरून बॅकिंग (लाईनच्या मागे गुंडाळलेला जास्तीचा दोरा) उलगडत गेलो तर तळाशी पांढरी भुकटी, बोटाला चुन्यासारखी लागणारी. त्याखाली धातूला खड्डे पडलेले. आतलं वन-वे बेअरिंग (एकाच दिशेला मोकळं फिरणारं) तांबडं होऊन बसलेलं. बाहेरून पुसल्याने हे जात नाही. बॅकिंग खारं पाणी पितं आणि वेढ्यांच्या खाली ते महिनोन्महिने राहतं. भाऊजींना दाखवलं तर म्हणाले, "कंपनीच हलकी होती." आई म्हणाली, जाऊ दे, काठीच तर आहे. त्या दिवशी मी गप्प बसलो, ते आज इथे लिहितोय.

तर घ्यायचं काय. ९ फुटी, चार तुकड्यांचा, ८ किंवा ९ वेटचा रॉड. माझं मत ९, कारण किनाऱ्यावर वारा असतोच आणि नकली माश्याही जड बांधाव्या लागतात. पैसे रॉडवर कमी घालवा, रीलवर जास्त. ड्रॅग सीलबंदच हवा, माझा उघडा होता. अंग ॲनोडाइज केलेलं (वरून संरक्षक थर चढवलेलं), फिरकीचा गाभा मोठा, आणि लाईनच्या मागे ३० पौंडी बॅकिंग २०० यार्ड तरी मावलं पाहिजे. लाईन उष्ण कटिबंधासाठीची घ्या. थंड पाण्याची लाईन आपल्या उन्हात लुळी पडते. मे महिन्यात गाडीच्या डिकीत तर कुठलीच लाईन ठेवू नका.

धुणं त्याच संध्याकाळी, मुक्कामावरच. नागपूरला गेल्यावर बघू, असं नाही. आधी ड्रॅग आवळा म्हणजे पाणी आत शिरत नाही. मग फिरकी काढा, लाईन आणि जितकं बॅकिंग भिजलं असेल तितकं बादलीत गोड्या पाण्यात सोडा. रॉडवरच्या लाईनच्या कड्यांचे पाय आणि रील-सीटचे (रील बसते त्या जागेचे) आटे मऊ टूथब्रशने घासा. गाडी धुतात तो जोराचा फवारा मारू नका, त्याने मीठ आणखी आत जातं. सावलीत सुकवून मग ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा. ओला रॉड नळीत कधीच बंद करायचा नाही. नागपुरात पुन्हा एकदा धुणार असाल तर बोअरच्या पाण्याने धुतल्यावर कोरड्या फडक्याने पुसा, कूलरच्या जाळीवर धरतात तसे क्षार रीलवरही धरतात. आणि नळी कूलरच्या खोलीत नको.

एक राहिलं. सीलबंद ड्रॅगची रील महाग पडते. वर्षातून एकदाच जाणार असाल आणि हातात गोड्या पाण्याची साधी रील असेल, तर दर संध्याकाळी वरच्यासारखी धुतलीत तर तीही काही फेऱ्या काढेल. सीलबंद आहे म्हणून धुणं मात्र टळत नाही, कारण सील फक्त ड्रॅगला असतं; मूठ, स्क्रू आणि बॅकिंग उघडेच.

भाऊजी हे वाचतात हे मला माहीत आहे. रील हलकी नव्हती, भाऊजी. त्याच दुकानातून त्याच दिवशी माझ्या मित्राने घेतलेली जोडीची रील आजही चालते, तो ती रोज संध्याकाळी बादलीत धुतो. दिवाळीत रॉड हवा असेल तर घेऊन जा, सोबत बादली मी देतो.