जेडब ही न्यूयॉर्कची ज्यू म्युझिक कंपनी का बुडाली? मराठीत तसं काही चालेल का?

जुलै २०११ मध्ये मला एक मेल आला. पाठवणारे आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाचे तेव्हाचे खजिनदार. आत जेडब बंद होत असल्याची बातमी आणि वर एकच ओळ : 'घ्या, बुडाली तुमची ज्यूंची कंपनी.' तुम्हीही नेमका 'बुडाली' हाच शब्द वापरलात, म्हणून लिहायला बसलो.

बुडाली नाही, त्यांनी ती बंद केली. आणि आपण ज्याला कंपनी म्हणतो तशी ती नव्हतीही. आरन बिस्मन या न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीतल्या पोराने मित्राला हाताशी धरून २००२ मध्ये काढलेली ती ना-नफा संस्था. देणगीदारांनी पैसे द्यायचे, करात सूट घ्यायची आणि त्या पैशातून रेकॉर्ड निघायच्या, जलसे व्हायचे. जलसे सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या तळघरात नाही, बारमध्ये. ज्यू पोरं तिथे आपल्या ख्रिश्चन, हिंदू, कुठल्याही मित्रांना घेऊन येतील आणि लाजणार नाहीत, एवढाच हेतू.

मतिस्याहूचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. काळी हॅट, छातीवर रुळणारी दाढी, हसिदी म्हणजे कर्मठ ज्यूंचा पोशाख, आणि गातोय रेगे, म्हणजे जमैकातलं संगीत. त्याला जेडबने वर आणला. २००५ मध्ये टेक्सासातल्या ऑस्टिनमध्ये झालेल्या त्याच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग आलं आणि पुढे एपिक या मोठ्या रेकॉर्ड कंपनीने ते उचललं. मार्च २००६ मध्ये 'यूथ' हा अल्बम बिलबोर्डच्या यादीत थेट चौथ्या नंबरवर उतरला. आणि नेमकं त्याच सुमारास स्वारी जेडबला सोडून गॅरी गर्श या कॅपिटल रेकॉर्ड्सच्या माजी प्रमुखाकडे गेली. करार संपलेला नव्हता, तरी गेली. इंटरनेटवर 'मतिस्याहू गेला म्हणून जेडब मेली' असं लिहिणारे खूप भेटतील. त्यांनी कॅलेंडर बघावं. तो गेल्यावर ही मंडळी आणखी पाच वर्षं तगली. बाल्कन बीट बॉक्स आणि गोलेम हे बँड, सोकॉल्ड हा गायक-संगीतकार, अशी एकाहून एक खटपटी माणसं त्यांच्याकडे होती. २००९ मध्ये तर त्यांनी 'ज्यूसी' आपल्याकडे घेतलं. टी-शर्ट आणि पार्ट्यांपासून सुरू होऊन ऑनलाइन मासिक झालेलं ते प्रकरण होतं.

गोलेम मी स्वतः ऐकलाय, २००७ मध्ये. ऑफिसातला एक ज्यू सहकारी मला लोअर ईस्ट साइडच्या एका चिंचोळ्या बारमध्ये घेऊन गेला. अ‍ॅकॉर्डियन घेऊन उभी असलेली बाई यिडिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत गात होती, मागे ड्रम बडवत होते, समोर नाकात रिंगा घातलेली पोरं आणि त्यांच्याच शेजारी एक सत्तरीची आजी, जिला सगळे शब्द पाठ. पोरांना एकही कळत नव्हता. नाचत सगळेच होते. मध्येच कुणी माइक घेऊन 'आपली संस्कृती टिकवली पाहिजे' असं भाषण ठोकलं नाही. दारात दहा डॉलर घेतले, हातावर शिक्का मारला, संपलं.

मी घरी आलो तो वेडा होऊनच. माझी मुलगी तेव्हा शाळेत, बेस गिटार वाजवायची. एक ड्रमवाला, एक पेटीवाला आणि एक गुजराती पोरगा जमवून त्यांनी भारूड बसवलं. भारूडच का? कारण त्यात नाट्य आहे, आणि शब्द न कळताही विंचवाचा अभिनय कळतो. २००८ च्या दिवाळीला मंडळाने आठशे डॉलर दिले. खजिनदार तेव्हा खूश होते. वार्षिक अहवालात 'तरुणांसाठी नवा उपक्रम' म्हणून फोटो छापला. कार्यक्रम रात्री पावणेबाराला सुरू झाला, नाटक संपल्यावर, खुर्च्या उचलल्या जात असताना, पण झाला. दुसऱ्या वर्षी पाचशे. तिसऱ्या वर्षी, म्हणजे २०१० मध्ये, बैठकीत खजिनदार म्हणाले, "पोरं चांगली वाजवतात, पण यात आता नवीन काय?"

मी विचारलं, "श्रीखंड-पुरीत दरवर्षी नवीन काय असतं?" कुणी हसलं नाही. मग मी जेडबचं उदाहरण दिलं, की बघा, ज्यू लोक आपल्या पोरांच्या मागे कसे उभे राहतात. त्याचा सूड म्हणजे तो वर्षभरानंतरचा मेल.

गंमत अशी की तो मेल वाचून मी तेव्हा गप्प बसलो, कारण बातमी पूर्ण वाचली नव्हती. नंतर वाचली. जेडबच्या लोकांनी बंद करताना जे कारण सांगितलं ते माझ्या बाजूचं होतं! समाजातले फंड नव्या संस्थेला हौसेने पैसे देतात. बारसं जोरात होतं. पण नऊ वर्षांची संस्था 'नवीन' राहत नाही, आणि जुन्या, मोठ्या, पक्क्या इमारती असलेल्या संस्थांच्या रांगेतही बसत नाही. मधल्या वयाच्या लेकराला कोण जेवू घालणार, हे कुणी ठरवलेलंच नव्हतं. त्यात सीडी विकणं बंद पडत आलेलं. त्यात २००८ ची मंदी, आणि डिसेंबरात बर्नी मॅडॉफ या न्यूयॉर्कच्या गुंतवणूकदाराचा घोटाळा उघडकीस आला तेव्हा कितीतरी ज्यू धर्मादाय निधींचे पैसे त्यात गेले. ज्यू तरुणांचं 'हीब' मासिकही याच गोत्यातलं, २००१ मध्ये अनुदानावर निघालं, २०१० मध्ये छापणं थांबलं.

म्हणजे मॅनहॅटनमधल्या देणगीदारांनी जेडबला इंग्रजीत जे विचारलं, तेच आमच्या खजिनदारांनी मराठीत विचारलं. यात आता नवीन काय?

मराठीत चालेल का, हा तुमचा खरा प्रश्न. चालतं. उलटा पुरावाही आपल्याच घरात आहे. कोकणातल्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू मंडळींनी १८८० च्या सुमारास आपलं कीर्तन उचललं आणि योसेफ, मोशे यांच्या कथा मराठीत, पेटीच्या साथीवर लावल्या. परका साचा, आपली गोष्ट. गोलेम न्यूयॉर्कमध्ये वेगळं काय करत होता? पैशाचं विचाराल तर माझं स्पष्ट मत, मंडळाच्या चेकवर असलं काही उभारू नका. दारात दहा डॉलर घ्या. पहिल्या वर्षी देणगी मिळाली तर घ्या, पण ती शेवटची समजूनच खर्च करा. आणि पोरांशी कागदावर करार करा, पण पोरगं मोठं होऊन निघून जाणार हे धरूनच. मतिस्याहूनेही पुढे, जेडब बंद झाली त्याच वर्षीच्या डिसेंबरात, दाढी उतरवली. माणसं बदलतात, त्यावर रडत बसू नये.

आता हे सगळं अमेरिकेतलं, हे लक्षात ठेवा. पुण्या-मुंबईत गणित वेगळं, तिथे ऐकणारेच लाखांनी आहेत. शिवाय ज्यूंकडे पिढ्यान्‌पिढ्यांचे धर्मादाय फंड होते म्हणून जेडबला नऊ वर्षं तरी मिळाली. आपल्याकडे ते नाहीत, आणि खजिनदाराला दर वर्षी हॉलचं भाडं भरायचंच असतं, हेही कबूल करतो. आणि हो, पोरगी माझीच होती, तेव्हा मी तटस्थ नाही. बैठकीत कुणीतरी 'घरच्या बँडसाठी मंडळाचे पैसे' असं पुटपुटलं होतंच.

त्या आठशेतले पाचशे वीस स्पीकर आणि अँप्लिफायरच्या भाड्यात गेले, उरलेले व्हॅनमध्ये. दोन्ही पावत्या माझ्याकडे आहेत. खजिनदारसाहेब, वाचत असाल तर स्कॅन करून पाठवतो.