पाहणी फुकट ठेवू नकोस

प्रिय,

वृद्ध आणि आजारी माणसांना घरात सुरक्षित वावरता यावं म्हणून घरात बदल सुचवायच्या तुझ्या नव्या कामाचं दरपत्रक वाचलं. बाकी सगळं जमलंय, पण पहिलीच ओळ खोडून टाक: ‘घराची पाहणी मोफत’. पाहणी फुकट दिलीस, की पोटासाठी दुसरं काहीतरी विकावं लागणार. ग्रॅब बार (आधाराला धरायच्या भिंतीवरच्या दांड्या), रॅम्प, उंच कमोड. मग जिथे नुसतं पायपुसणं उचलून आणि पलंग हातभर सरकवून काम भागतं, तिथेही तुझी नजर ड्रिल कुठे मारायचं ते शोधायला लागेल. तुझा माल एकच, तुझी पारख. पैसे तिचेच घे.

ग्राहक कोण, हेही त्यातच आलं. कॉक्रेन ही संस्था अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासते. तिच्या २०२३ च्या आढाव्यात घरातले धोके कमी केल्यावर वयस्कांच्या पडण्याचं प्रमाण २६ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. पण वर्षभरात पडलेले, नुकतेच रुग्णालयातून आलेले किंवा रोजच्या कामांत मदत लागणारे, अशांमध्ये घट ३८ टक्के होती. धडधाकट माणसांच्या बाबतीत फारसा फरक दिसला नाही. तेव्हा कुणालाही घाबरवून ‘सुरक्षा तपासणी’ गळ्यात मारू नकोस. ओळख वाढवायची तर ज्यांचे रुग्ण घरी परतताहेत अशा डॉक्टर-फिजिओथेरपिस्टांशी वाढव.

घरात शिरल्याशिरल्या टेप काढायचा मोह होतो. तो आवर. आधी माणसाला पलंगावरून उठू दे, बाथरूमपर्यंत जाऊ दे, कमोडवर बसून उठून दाखवू दे. हात आपसूक कुठे जातो ते बघ. बरेच जण टॉवेलच्या दांडीला धरून उठतात आणि ती दांडी टॉवेलापुरतीच बसवलेली असते. अमेरिकेच्या सुगम्यता मानकांत ग्रॅब बारची उंची ८४ ते ९१ सेंटिमीटर दिली आहे. ती सार्वजनिक जागांसाठी, म्हणजे येईल त्या प्रत्येकासाठी. तुझ्यासमोर एकच माणूस आहे. त्याची उंची, त्याचा कमजोर हात, रात्री झोपेतून उठल्यावरचा त्याचा तोल. मानक तोंडपाठ असू दे, पण बारची जागा माणूस बघूनच ठरव. आणि व्हॅक्यूमने चिकटणाऱ्या बारवर कुणाचंही वजन सोपवू नकोस, घरमालक भिंतीला भोक पाडू देत नसला तरी.

रॅम्पच्या बाबतीत मात्र आकड्याशी तडजोड नको. उतार १:१२, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या पायरीला १८० सेंटिमीटरचा रॅम्प. हे ऐकून घरच्यांचे चेहरे पडतात, कारण त्यांच्या डोक्यात फळी असते. वर दार उघडून व्हीलचेअर थांबेल एवढी सपाट जागाही लागते. व्हीलचेअर ढकलणार कोण, हे जरूर विचार. अनेकदा तो जोडीदारही तेवढाच थकलेला असतो. दार अरुंद म्हणून लगेच भिंत फोडायला सांगू नकोस. उघडलेलं दार वाटेतून पूर्ण बाजूला नेणाऱ्या बिजागऱ्या मिळतात. दाराच्या जाडीएवढी रुंदी तेवढ्यानेच हाती लागते, आणि कधीकधी अडचण तेवढीच असते.

पैसे मुलगा किंवा मुलगी देते, राहायचं आईला असतं. आई म्हणते, दांड्या नकोत, घराचं हॉस्पिटल होईल. तिचं म्हणणं उडवून लावलंस तर बार बसतील, पण ती ते वापरणार नाही. तिला नेमकं काय स्वतःच्या हाताने करायचंय ते विचार. कॅनडात १९९१ मध्ये आलेली सीओपीएम ही प्रश्न विचारून गुण घ्यायची पद्धत यासाठी उत्तम: काम कितपत जमतं आणि त्याचं किती समाधान आहे, दोन्हींना आई स्वतःच १ ते १० गुण देते. काम झाल्यावर पुन्हा विचार. फीचा हिशेब घरच्यांना याहून चांगला देता येणार नाही.

प्लंबर, सुतार, गवंडी यांच्याकडून कमिशन एक पैसाही नको. हवी तर त्यांची नावं सुचव, निवड घरच्यांची. त्यांच्या हातात मात्र तुझं रेखाचित्र असलं पाहिजे, आणि त्यात प्रत्येक उंची तयार फरशीपासून लिहिलेली. नाहीतर गवंडी कच्च्या जमिनीपासून मोजतो आणि वर टाइल चढली की सगळी मापं चुकतात. पोकळ भिंत असेल तर आत आधार द्यायचा, हेही लिहून दे. भिंत पाडायची वेळ आली तर इंजिनिअरला बोलावायला सांग, तो निर्णय आपला नव्हे.

फी ठरवताना प्रवास, रिपोर्ट आणि कारागिरांचे फोन धर. पाहणीपेक्षा रिपोर्टलाच जास्त वेळ जातो आणि नवखे नेमका तोच सोडून देतात. व्यावसायिक दायित्वाचा विमा, म्हणजे तुझ्या सल्ल्यामुळे कुणाचं नुकसान झालं तर भरपाईला कामी येणारा, पहिल्या ग्राहकाआधी काढ.

दुसरी भेट त्याच फीमध्ये बांधून टाक, वेगळी आकारलीस तर लोक ती टाळतात. त्या भेटीत बार हलवून बघ, मग ओल्या हातांनी, रोजच्या कपड्यांत, मदतनिसासकट सगळं करून घे. उंची चुकली असेल तर ती तिथेच कळते. शेवटचा हप्ता त्यानंतरच माग.

तुझी,
ताई