रोटो सोडून डिझाइनमध्ये यावं का?

प्रश्न : पुण्यात व्हीएफएक्स (सिनेमातल्या दृश्य करामती) स्टुडिओत रोटो (फ्रेमागणिक आकृतीची कड आखून ती वेगळी काढणं), कंपोझिटिंग (वेगवेगळे तुकडे एका दृश्यात जोडणं) करायचो, आता लातूरला परत आलोय. इलस्ट्रेशन, ग्राफिक डिझाइन जमंल का, का पुन्हा पहिलीपासून?

उत्तर : पहिलीपासून कशाला, कमी पॉइंटात कर्व्ह गुळगुळीत ठेवायची रोटोतली सवय इलस्ट्रेटर या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरच्या पेन टूलला जशीच्या तशी चालते, अन् लाइट-परस्पेक्टिव्हची नजर तर आहेच. अडतं ते छपाईत. आरजीबीत (स्क्रीनच्या रंगांत) झगमगणारा हिरवा सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंत) मळकट होतो, म्हणून लग्नपत्रिका असो की तेलाच्या बाटलीचं लेबल, फाइल सीएमवायके, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) अन् कडेनं ३ मिमी ब्लीड (कापणीसाठी जादा सोडलेली जागा) ठेवा. अक्षरांकडं मात्र बघा राव, व्हीएफएक्सवाले तिथंच माती खातात! ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्त’ अन् ‘बलू’ हे देवनागरी फाँट फुकट मिळतात. शोरील (कामाच्या नमुन्यांचा व्हिडिओ) राहू द्या, आधी गावातल्या प्रेसवाल्याकडं जाऊन बसा.