नवशिक्या शूटरने स्वस्तातलं पिस्तूल घ्यावं की थेट इंपोर्टेड?

मुलगा सातवीत, १० मीटर एअर पिस्तूल सुरू करायचंय, ३०-३५ हजारात बरं काही मिळेल का दीड-दोन लाखाचंच घ्यावं लागेल, असं विचारलंय तुम्ही. मिळतं. हे कोणीतरी विचारावं म्हणून मी कधीपासून बसलोय.

मी नाशिकला, सातपूरच्या टूलरूममध्ये फिटर. २०१९ ला लेकीसाठी सेकंडहँड बायकल आणलं, रशियन, आयझेडएच-४६एम, ३२ हजार, तेही बायकोच्या भिशीचे. एकदा लिव्हर ओढला की एका छऱ्यापुरती हवा भरते, विषय संपला. पहिल्याच दिवशी रेंजवरच्या सरांनी ते सगळ्यांसमोर उचललं आणि म्हणाले, "हे काय, गॅरेजमधून आणलंत का?" चार पालक हसले, पोरगी बुटाची लेस बांधत बसली, सुटलेली नसताना.

त्या रविवारी मित्राच्या अंबडच्या वर्कशॉपमध्ये गेलो, रबराचे तुकडे लावून पिस्तूल वाईसमध्ये आवळलं, टेपने १० मीटर मोजले आणि पाच छर्रे मारले. एकच भोक. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं, त्यात सगळे. म्हणजे पिस्तूल दहाच मारत होतं, सात-आठ जात होते ते हातामुळे. आणि हात का हलतो तर मूठ! ती बाप्या माणसाच्या पंजाची, पोरीचं बोट ट्रिगरला कसंबसं पोचायचं. कानशीने लाकूड उतरवलं, पोकळ राहिलं तिथे एम-सील भरलं, ओलं असतानाच पिशवी गुंडाळून तिला धरायला लावलं. दिसायला भयंकर. ट्रिगर वजनं टांगून तपासला, नियमाप्रमाणे किमान ५०० ग्रॅम पाहिजे, आमचा ९०० च्या आसपास, स्क्रू फिरवून ५५० वर आणला. तीन महिन्यात ६०० पैकी ४९० चे ५३० झाले. गॅरेजवाल्या पिस्तूलावर.

सीओटू सिलिंडरवालं मात्र फुकट दिलं तरी घेऊ नका. आपल्याकडची डिसेंबरची सकाळ माहितीये ना, थंडीत गॅसचं प्रेशर उतरतं, छर्रा खाली जातो आणि पोरगं उगाच साइट फिरवत बसतं.

आणि महागाचं बिघडत नाही असं कोणी सांगितलं? २०२१ ला टोकियोत मनू भाकरचं पिस्तूल ऐन मॅचमध्ये बिघडलं, वेळ गेला, फायनल हुकली. मी तेव्हाच सरांना फोन लावणार होतो, बायकोने मोबाईल काढून घेतला, म्हणे पोरीला तिथेच शिकायचंय.

आता हेही सांगतो, नाहीतर म्हणाल लपवलं. ६० शॉट, वर सरावाचे सायटर, तितक्या वेळा लिव्हर ओढायचा, तेही ७५ मिनिटांच्या मॅचमध्ये, बारीक पोराचा खांदा चाळिसाव्या शॉटलाच भरून येतो. पार्ट शोधत फिरावं लागतं, सील गेलं तर दुकानदार हात वर करतो, मी जमवून घेतलं कारण माझा धंदाच तो, तुम्हाला जमेलच असं नाही. आणि लेक ५५० च्या वर गेल्यावर आम्हीही इंपोर्टेड पीसीपी घेतलं, म्हणजे दाबलेली हवा आधीच सिलिंडरमध्ये भरलेली, दर छऱ्याला लिव्हर ओढायचा नाही. सेकंडहँडच, हप्त्यावर. सर बघून फक्त हसले, काही बोलले नाहीत, पण मला कळलं.

तरी पहिली दोन वर्षं स्वस्तातलंच घ्या, उरलेले पैसे छऱ्यांना आणि रेंजच्या फीला लागतील. बायकल अजून माळ्यावर आहे, एम-सीलसकट. विकणार नाही, विचारू नका.